सुपाखालची पद्माबाई

माझी सासू पद्माबाई दसऱ्याला अकरा वेळा नागपूरला गेली अन् एकदाबी आत गेली न्हाई. दीक्षाभूमीच्या स्तूपापुढच्या मैदानापर्यंत गेली अन् मैदानातूनच माघारी आली. अकरा वेळा! हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढं मला राग येणार हाय, अन् राग आला की माझं बोलणं इकडचं तिकडं होतं.

लोकांची लेकरं सुट्टीत मामाच्या गावाला जातात, कुणी थंड हवेच्या ठिकाणाला जातात. आमच्या घरात सुट्टी म्हणजे एकच. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डोंगरकड्याहून निघायचं, एसटीनं हिंगोली, हिंगोलीहून छोट्या लाइनीच्या गाडीनं अकोला, अन् अकोल्याहून मोठ्या गाडीत जीव मुठीत धरून नागपूर. तीन दिवसांत परत. माझा सासरा भिवाजी वर्षभर कालव्यावर चौकीदारी करायचा अन् सासू केळीच्या मळ्यात घड वाहायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घड, अन् बांधावरून सडकेपर्यंत चालायचं. दिवसातून किती खेपा ते तिचं तिला ठाऊक. वर्षातून तेवढे तीन दिवस तिच्या डोक्यावर काही नसायचं. पण आमच्या घरच्यांना ते बघवलं न्हाई. डोक्यावरचं काढलं अन् हातात दिलं.

काय दिलं, ते सांगते. एक्याण्णव साली पहिल्यांदा सगळं घर नागपूरला गेलं. माझा नवरा सुदाम तवा सोळा वर्षांचा, धाकटा दीर बंटी पाच वर्षांचा. मामंजींनी बंटीला घरूनच पढवून ठेवलं होतं, “हरवलास तर निळ्या झेंड्याखाली उभा राहा, आमी तिथं येतो.” आता बोला! दसऱ्याला नागपुरात निळ्या झेंड्याखाली! अरे, जिकडं बघावं तिकडं निळंच. लेकरू हरवलं. एका झेंड्याखाली जाऊन उभं राहिलं, तो झेंडा अमरावतीवाल्यांचा, ते उठून गेले. मग दुसऱ्याखाली, मग तिसऱ्याखाली. शहाणं लेकरू, बापाचं बराबर ऐकून राहिलं होतं. सासू दुपारपासून दिवे लागेपर्यंत एकेका झेंड्याखाली वाकून बघत फिरली. सापडलं तवा ते कुणाच्या तरी शिदोरीतली चटणी-भाकर खात बसलं होतं. त्या वर्षी सासूला आत जायला मिळालं न्हाई, ते ठीक हाय. आईचा जीव, तिला कसलं दर्शन सुचतं.

पुढच्या वर्षी मामंजींनी डोकं लढवलं. घरातलं जुनं सूप घेतलं, त्याला चुना फासला अन् बांबूच्या टोकाला बांधलं. नागपूरला कुणी सूप घेऊन येत न्हाई, त्यामुळं लांबून वळखू येणार. झकास! गावानं वाहवा केली. पुढं तर सगळ्या डोंगरकड्याचीच ती खूण झाली. कुणी चुकलं की विचारायचं, “सूप कुठंय?” पण सुपाची एक अट होती. ते एका जागी पाहिजे, हाललं की सगळे हरवले. म्हंजे बांबू धरून कुणीतरी दिवसभर उभं राहायचं. कुणी? मामंजी मैदानात पाय ठेवल्या ठेवल्या म्हणाले, “पद्मे, तू उभी राहा, आमी येतो.”

झालं. तेवढं एक वाक्य. तेच पुढं दहा वर्षं चाललं.

“आमी येतो” म्हणून गेलेली माणसं चार-चार घंटे रांगेत. आली की भुकेजलेली. मग हिनं बांबू खांद्याला टेकवायचा अन् एका हातानं गाठोडं सोडायचं. भाकरी, ठेचा, बेसन. खाऊन झालं की सुदाम पुस्तकं बघायला, बंटी खेळणी बघायला, मामंजी पाव्हण्यारावळ्यांना भेटायला. गावातल्या बाया आपल्या चपला, पिशव्या अन् झोपलेली लेकरं हिच्या पायापाशी ठेवून जायच्या, वरून म्हणायच्या, “पद्माबाई हाय न्हवं, मग काय फिकीर?” अन् हिची पाळी यायची येळ झाली की मामंजींचा आवाज, “चला चला, गाडी हुकंल!”

मामंजींना दोन हात न्हवते काय? बांबू बाईच्याच हातात राहतो अन् बाप्याच्या हातातून निसटतो, असं कुठं लिहून ठेवलंय? माणूस वाईट न्हवता. दारू न्हाई, मारहाण न्हाई, पोरांना शिकवलं, बायकोला वर्षाला लुगडं घेतलं. खरं सांगू? मला अशा चांगल्या माणसांचाच जास्त राग येतो. वाईट माणसाला शिव्या तरी देता येतात. अकरा वेळा हा माणूस बायकोला घेऊन नागपूरला गेला अन् एकदाबी त्याच्या ध्यानात आलं न्हाई की ही आत गेलीच न्हाई!

अन् तिचाबी राग येतो मला, खोटं काहून बोलू? ती बोलली न्हाई ते न्हाई, वरून थापा मारल्या. मळ्यात ज्या बायांना कधी जायला मिळालं न्हाई, त्या विचारायच्या, “पद्माबाई, आत कसं हाय वो?” ही डोक्यावरचा घड उतरून कमरेवर हात ठेवून सांगायची. फरशी अशी गार, बाबासाहेबांच्या अस्थींपुढं उभं राहिलं की अंगावर असा काटा येतो, बाया अशा रडतात. सगळं सुदामकडून अन् मामंजींकडून ऐकलेलं. इतकं झ्याक सांगायची की बाया काम सोडून बसायच्या अन् मुकादम वरडायचा. गावात तिचं नाव झालं. नागपूरचं ऐकायचं तर पद्माबाईच्या तोंडून. मग मागं फिरणार कशी? पाचव्या-सहाव्या वर्षी “मला आत जायचंय” म्हणाली असती तर लोकांनी विचारलं नसतं, “आँ? मग इतके दिवस काय सांगत होतीस?”

मी या घरात दोन हजार साली आले. मला पहिल्यांदा नेलं ते दोन हजार दोनला. आदल्या वर्षी घुमट बांधून पुरा झाला होता, त्यामुळं गर्दी अशी की खाली वाकून पदर उचलता येईना. माझी साक्षी वर्षाची. म्या म्हणलं, “आत्याबाई, तुमी जा आधी. मी बांबू धरते.” तर तिनं माझ्या कडेवरचं लेकरू काढून घेतलं अन् मला ढकललंच, “जा गं, तू पहिल्यांदा आलीस. माझं काय, मी दरसाली येते.” एका हातात बांबू, दुसऱ्या कडेवर माझं लेकरू, अशी ती उभी राहिली अन् मी बया नटून-थटून आत गेले.

बाहेर आले तर पहिला सवाल, “कसं हाय गं आत?” मला वाटलं, परीक्षा घेऊन राहिली. म्या म्हणलं, “आत्याबाई, आत पाय ठेवला की कानातला गोंगाट एकदम बंद होतो. विहिरीत उतरल्यावानी.” तिनं दोनदा विचारलं, “विहिरीत उतरल्यावानी?” आठ दिवसांनी मळ्यात गेले तर सासू बायांना सांगत होती, “अगं, विहिरीत उतरल्यावानी वाटतं बघ.” अन् मी काय केलं? खूश झाले! वाटलं, सासू-सुनेचं एकदाचं एकमत झालं. अक्कल गहाण ठेवली होती म्या, दुसरं काय.

त्र्याण्णवला, किल्लारीच्या भूकंपाच्या साली, कुणी घर सोडून गेलं न्हाई, ते एक वर्ष सोडलं तर ती दरसाल गेली. दोन हजार तीनला मामंजी वारले अन् आमच्या घरचं नागपूर बंद पडलं. पण दोन हजार सहा हे पन्नासावं वर्ष. बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्याला पन्नास वर्षं. जयंती झाल्यापासून सासूच्या अंगात वारं शिरलं होतं. पांढरं पातळ आणलं, पेटीत घडी घालून ठेवलं. मला म्हणाली, “यंदा बांबू सुदाम धरील. मी सांगणार हाय त्याला.” मी म्हणलं, “सांगा की.” त्याच्या मागं काय हाय, ते मला कळलं न्हाई.

अन् श्रावणात बांधावरून घसरली. डोक्यावर घड, खाली चिखल. खुब्याचं हाड मोडलं. नांदेडला ऑपरेशन झालं, आत सळई घातली. डॉक्टर म्हणाले, तीन महिने गाडीत बसायचं न्हाई. सासू खाटेला खिळली.

मग जे सुरू झालं ते देवा! दिवसभर शिव्या. बांधाला, चिखलाला, डॉक्टरला, मला, सुदामला. “मला ट्रॅक्स जीपमधी आडवं टाका, पण न्या. मेले तर तिथंच पुरा मला.” मधूनच आवाज उतरायचा अन् साक्षीला जवळ बसवून जुन्या दसऱ्यांचं सांगायची. अठ्ठ्याण्णवला अकोल्याच्या फलाटावर सगळ्यांनी एकाच चादरीखाली कसे पाय घातले, बंटीनं गाडीत पाव्हण्याच्या टोपीत उलटी कशी केली, मामंजींनी तिच्यासाठी गरम चहा आणता आणता गर्दीत निम्मा सांडून कसा आणला. चंद्रपूरकडची एक बाई दरसाली भेटायची म्हणे. तिच्या काठीला लाल बादली बांधलेली. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहायच्या, पान खायच्या अन् नवऱ्यांच्या चुगल्या करायच्या. लेकरू हसायचं. मी चुलीपाशी ऐकत असायची. सगळं गाडीतलं अन् मैदानातलं. आतलं एक अक्षर न्हाई. मळ्यात इतकं सांगणारी बाई नातीला आतलं काहून सांगत न्हाई, हा सवाल मला पडायला पाहिजे होता. पडला न्हाई.

सुदाम कळमनुरीला शाळेवर शिपाई. एक दिवस जेवता जेवता म्हणाला, “माय, अकरा डाव जाऊन आलीस तू. यंदा न्हाई गेलीस तर काय बिघडतंय? गावातल्या कितीतरी बायांना एकदाबी मिळालं न्हाई.” सासूनं उशाचा तांब्या उचलून फेकला. त्याच्या कानाशेजारून गेला अन् भिंतीवर आपटला. तो माझ्याकडं बघून म्हणाला, “म्हातारपणी माणूस हट्टी होतं.” म्या मान हालवली. मान हालवली म्या! ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात ते खरं हाय, पण शेजारी बसलेल्याला धूर तरी दिसायला पाहिजे की न्हाई?

गावातून दोन ट्रॅक्स ठरल्या. शेजारच्या निर्मलाबाई सासूपाशी राहायला तयार झाल्या. निघायच्या दिवशी सासूनं मला बोलावलं. तोंड भिंतीकडंच होतं. म्हणाली, “शिले, बांबू तू धर. बंटीचं ध्यान नसतं, सुदाम गप्पा मारत बसतो. साक्षी हरवली तर?” मी व्हय म्हणलं. आवाज असा होता की न्हाई म्हणायची हिंमत झाली न्हाई.

नागपुरात उतरलो तर माणसांचा समुद्र. सुदामनं साक्षीला खांद्यावर घेतलं, बांबू माझ्या हातात दिला अन् म्हणाला, “शिले, तू उभी राहा, आमी येतो.” मी उभी राहिले. सात घंटे. पायात गोळे आले, मुतायला जायची सोय न्हाई, पाणी प्यावं तर मुतायची भीती. गावातल्या बायांनी चपला आणून ठेवल्या. “शिला हाय न्हवं, मग काय फिकीर?” सगळे आत जाऊन आले. बंटी नव्या कॅमेऱ्यानं फोटो काढून आला. मग ट्रॅक्सवाला हॉर्न वाजवायला लागला.

घरी आलो तर सासू खाटेवर अर्धी उठून बसली होती. निर्मलाबाई म्हणाल्या, दोन दिवस जेवली न्हाई. सुदाम अन् बंटी आंघोळीला गेले. सासूनं विचारलं, “कसं होतं गं आत यंदा?”

म्या म्हणलं, “मी कुठं आत गेले आत्याबाई? बांबू कुणी धरायचा?”

“जवळ ये,” म्हणाली.

मी वाकले तर फाडकन् थोबाडीत दिली. सहा वर्षांत तिनं माझ्या अंगाला बोट लावलं न्हवतं. मी गाल धरून उभी, अन् ती माझ्यापेक्षा जास्त रडून राहिली. “मीच तुझ्या हातात दिलं गं. मीच. माझ्यासंग संपायला पाहिजे होतं ते.” मग सगळं सांगितलं. एकेक साल. एक्याण्णव बंटी हरवला, ब्याण्णव बांबू, चौऱ्याण्णव बांबू, पंच्याण्णव बांबू. “अकरा डाव गेले शिले, आत कसं हाय मला ठाऊक न्हाई. पन्नासाव्या वर्षी तरी जाईन म्हणलं होतं.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्या म्हणलं, आताच बोलवते सुदामला. तिनं माझा हात धरला. “साक्षीची शपथ हाय तुला. गावात माझं हसू होईल. मळ्यातल्या बाया तोंडावर थुंकतील.” घ्या! म्हंजे बांबूबी मीच धरायचा अन् तोंडबी मीच धरायचं.

सांजच्याला त्याच बाया जमल्या. नागपूरहून माणसं आली की आमच्या दारात जमायची रीतच पडली होती. बंटी कुठं कुठं फोटो काढले ते सांगत होता, सुदाम ताट घेऊन बसला होता, अन् मी भाकरी थापत होते, म्हंजे परातीवर राग काढत होते. एक म्हातारी म्हणाली, “पोरा, तुझे फोटो धुवून येतील तवा बघू. पद्माबाई, तुमी सांगा. आत कसं हाय ते तुमच्या तोंडून ऐकलं की जाऊन आल्यावानी वाटतं.”

सासूनं माझ्याकडं बघितलं. माझ्या गालावर अजून तिची बोटं होती.

“मला ठाऊक न्हाई,” ती म्हणाली.

बाया हसल्या. त्यांना वाटलं, रुसून राहिली.

“खरंच ठाऊक न्हाई बायांनो. मी कधी आत गेलेच न्हाई. तुमाला सांगितलं ते सगळं ऐकीव.”

सुदामचा घास हातातच राहिला. “असं कसं माय? आपण तर दरसाली सगळे जात होतो आत.”

“सगळे म्हंजे कोण रे?” सासू म्हणाली. “नावं घे.”

त्यानं तोंड उघडलं. बापाचं नाव घेतलं, बंटीचं घेतलं, माझं घेतलं. मग थांबला. मला त्याची दया आली न्हाई. बाया एकेक करून उठल्या. कुणी थुंकलं न्हाई, कुणी हसलं न्हाई. म्हातारी जाता जाता सासूच्या पायावरचं पांघरूण नीट करून गेली.

पुढं पाय बरा झाला अन् ती नागपूरला गेली, असं ऐकायचं असेल तर दुसऱ्या घरी जा. हाड जुळलं न्हाई. सळई आत सरकली, पुन्हा नांदेड, पुन्हा खाट. दवाखान्यातला चालायचा लोखंडी घोडा धरून उंबऱ्यापर्यंत यायची, तेवढंच. पांढरं पातळ पेटीतच राहिलं. सुदाम एकदा म्हणाला, पाठीवर घेऊन जातो. ती म्हणाली, “माझं हाड दुखतंय, तुझी हौस ऱ्हाऊ दे.”

दोन हजार सातच्या दसऱ्याला सुदामनं मला सांगितलं, “तू आत जा, बांबू मी धरतो.” धरला. दिवसभर हालला न्हाई. गावातल्या बाया आत जाऊन येईपर्यंत, चपला राखत, लेकरं सांभाळत उभा. परत आलो तर गावभर एकच बोलणं. काय पोरगं हाय! आईच्या जागी दिवसभर उन्हात उभा राहिला! उत्तमराव सरपंचानं तर पारावर बसवून त्याला चहा पाजला, चार माणसांत पाठ थोपटली. एक दिवस! अरे, एक दिवस उभा राहिला तो!

घरी आला, सासूच्या खाटेपाशी बसला अन् आपल्याच पोटऱ्या दाबायला लागला. सासू म्हणाली, “पाय सुजले का रे?” अन् मग मला हाक मारली, “शिले, पाणी तापव गं. मीठ टाक त्यात. पोराला पाय बुडवू दे, दिवसभर उभं होतं लेकरू.”

पाणी तापवलं, मीठ टाकलं. सुदामनं पँट गुडघ्यापर्यंत वर केली. मी बादली त्याच्या पुढून नेली, खाटेच्या कडेला ठेवली अन् सासूचे पाय हळूच उचलून पाण्यात सोडले. ती “अगं, मला न्हाई, त्याला” म्हणत राहिली. मी तिच्या टाचा चोळत बसले. टाचांना भेगा होत्या, बोट जाईल एवढ्या.